हिमयुगातील चिखल

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट नावाचा परगणा आहे. तेथील सेव्हनओक्स या गावाच्या दक्षिणेस कठीण वालुकाश्माचा व गारगोटीसारख्या चर्ट दगडाचा उंच कडा असून त्याच्या पायथ्याशी चिकणमातीची दरी पसरली आहे. दरीकडे जाणारी कुरणे इतक्या मंद उताराची आहेत, की तेथे जमीन घसरेल हे कोणाच्या स्वप्नातही येऊ नये. परंतु १९६५ च्या सुमारास गावाला वळसा घालणाऱ्या नव्या रस्त्याचे खोदकाम सुरू होताच ही शांत जमीन सरकू लागली!

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका शिगेला पोहोचला होता. ब्रिटनचा उत्तर भाग जाड हिमस्तरांखाली गाडला गेला होता. हे आवरण केंटपर्यंत आले नाही. पण थंडीला कोण अडवणार? तेथील जमीन पुष्कळ खोलीपर्यंत गोठून दगडासारखी झाली.

पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. कड्याच्या भेगांत शिरलेले पाणी वारंवार गोठे आणि खडकाच्या चिरफळ्या उडवी. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर तेवढा वितळे. खालची जमीन गोठलेलीच राही. त्यामुळे पाण्याला मुरण्यास वाट नसे. दगड, वाळू व चिकणमाती यांचा रबरबीत चिखल होऊन तो आपल्याच भाराने हळूहळू खाली सरके. नदी आपल्या गोट्यांना घासून गुळगुळीत करते, जड गाळ व हलका गाळ निरनिराळा टाकते. या चिखलाने तसे काहीच केले नाही. म्हणून त्यातील दगड आजही अणकुचीदार आहेत आणि लहानमोठे सारे एकत्र कालवलेले आहेत. दरीतील गाळ कोणी आणून टाकला, हे भूशास्त्रज्ञ अशा खुणांवरूनच ओळखतात.

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले. जमिनीतील बर्फ वितळला, वर गवत उगवले. पण चिखल ज्या पृष्ठावरून सरकला होता, ते पृष्ठ चिकणमातीत तसेच राहिले. तेथे मातीचे चपटे कण एकाच दिशेने निजलेले असतात. म्हणून ते चकचकीत दिसते व बोटाला गुळगुळीत लागते. मातीची पकड तेथे फारशी उरलेली नसते. रस्त्यासाठी उताराचा पायथा खणला गेला आणि वरच्या थराचा आधारच सुटला.

अभियंत्यांनी खड्डे खणून पाहिले, तेव्हा ही जुनी पृष्ठे उघडी पडली. अखेर त्या भागात रस्त्याची आखणी बदलावी लागली. कुरणात जिभेच्या आकाराचे जे उंचवटे दिसत होते, ते हिमयुगातील त्याच चिखलाचे वाटेत थांबलेले लोट होते.