पंप अ‍ॅक्शन शॉटगनमध्ये काडतूस का अडकतं? जुन्या 'रेमिंग्टन ८७०'चं नेमकं दुखणं काय?

हॉलिवूडच्या सिनेमात हिरो बंदुकीची पुढची मूठ मागे-पुढे करतो, 'खचाक-खचाक' आवाज येतो आणि समोरचा गार पडतो. ही पंप अ‍ॅक्शन शॉटगन. पण बंदूक चाळीस-पन्नास वर्षं जुनी असेल तर दर वेळी असं सुरळीत होतंच असं नाही. काडतूस मध्येच अडकतं आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेची 'रेमिंग्टन ८७०'. १९५० मध्ये ती बाजारात आली आणि २००९ पर्यंत या एका मॉडेलच्या १ कोटी बंदुका तयार झाल्या. त्यामुळे जुन्या ८७० आजही अनेकांकडे आहेत.

ही बंदूक चालते कशी?

नळीच्या खाली आणखी एक नळी असते, तिला मॅगझिन ट्यूब म्हणतात. तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलत राहते. मूठ मागे ओढली की बोल्ट मागे येतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. त्याच वेळी ट्यूबच्या तोंडाशी असलेली खिट्टी, म्हणजे लॅच, एकच नवं काडतूस सोडते. मूठ पुढे नेली की कॅरिअर नावाची पट्टी ते वर उचलते आणि बोल्ट ते चेंबरमध्ये बसवतो.

मग बिघडतं कुठे?

• हात: बऱ्याचदा दोष बंदुकीचा नसतोच. मूठ शेवटपर्यंत मागे ओढली नाही, तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवं सुटत नाही. म्हणून आधी हे तपासायचं. त्याला खर्च शून्य.

• मॅगझिन ट्यूब: शेवटचं काडतूस रेंगाळत येत असेल तर संशय स्प्रिंगवर. ट्यूब रिकामी होत आली की स्प्रिंगचा जोर सगळ्यात कमी असतो. काडतूस दर वेळी एकाच जागी अडकत असेल, तर ट्यूबला पोचा पडलेला असू शकतो. गंज आणि जुनं चिकट झालेलं तेल ही आणखी दोन कारणं. स्प्रिंग बदलणं आणि ट्यूब साफ करणं हे स्वस्तातलं काम आहे.

• लॅच: एकाऐवजी दोन काडतुसं एकदम सुटत असतील तर लॅच झिजलेली किंवा सैल झालेली असते. ८७० मध्ये लॅच बंदुकीच्या आतल्या बाजूला ठोकून पक्की केलेली असते. हे काम कारागिराचंच.

• जुनं कॅरिअर: काडतूस भरताना लॅचच्या पुढे पूर्ण गेलं नाही, तर ते मागे सटकून बोल्ट आणि कॅरिअरच्या मध्ये अडकतं. मग बोल्टही हलत नाही आणि खालून काडतूसही काढता येत नाही. १९८० च्या दशकात कंपनीने कॅरिअरला इंग्रजी 'यू' आकाराची फट देऊन लवचिक जीभ केली, त्यामुळे अडकलेली बंदूक उघडणं सोपं झालं. अखंड पट्टी दिसली तर कॅरिअर जुन्या पद्धतीचं आहे. अशा बंदुकीत काडतूस 'टक्' आवाज येईपर्यंत आत दाबायचं.

• काडतूस: अनेक जुन्या बंदुकांचं चेंबर पावणेतीन इंची काडतुसासाठी असतं. तीन इंची काडतूस त्यात शिरतं, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची असते. पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि आतला दाब वाढतो. काय चालतं ते नळीवर कोरलेलं असतं, तेच पाहायचं.

खरा धोका कोणता?

आपल्याकडे बँकेच्या दारात दिसते ती बहुधा दुनळी. ती मोडली की दोन्ही काडतुसं समोर दिसतात. पंप अ‍ॅक्शनमध्ये तसं नाही. 'संपली' असं वाटलेल्या बंदुकीत ट्यूबमध्ये अडकलेलं काडतूस नंतर सुटून चेंबरमध्ये जाऊ शकतं.

म्हणून अडकलेली बंदूक ही भरलेलीच समजायची. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. दस्ता जमिनीवर आपटून काडतूस सोडवायचा प्रयत्न नको. 'सेफ्टी लावली आहे' यावरही विसंबायचं नाही, ८७० ची सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते. काडतुसं बाहेर काढल्यावर चेंबर आणि ट्यूबचं तोंड डोळ्यांनी पाहायचं, बोटानेही चाचपायचं. चाचणी घ्यायची ती दारू नसलेल्या नकली काडतुसांवरच.

भारतात नियम काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं आणि विकणंच नाही, तर ती दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. परवानाधारकाने साफसफाई जरूर करावी, पण लॅच किंवा कॅरिअरचं काम असेल तर परवानाधारक कारागीरच गाठावा. स्प्रिंग नवी मिळते, पण आत राहिलेलं एक काडतूस चूक सुधारायची दुसरी संधी देत नाही.