बार्शी लाईट रेल्वेची धाकटी बहीण : ह्यूम एंड स्टेशनाची हकीकत

सोलापूर, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना बार्शी लाईट रेल्वेची ओळख करून देण्याची गरज नाही. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरावयाचे, अडीच फुटी रुळांवरील छोट्या गाडीत बसावयाचे आणि बार्शी, लातूर किंवा पंढरपूर गाठावयाचे, हा या भागाचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता. परंतु ही रेल्वे उभी करणाऱ्या अभियंत्यानेच पुढे इंग्लंडमधील एका खेड्यापर्यंत तशीच रेल्वे नेली, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. त्या रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाचे नाव ह्यूम एंड. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

या अभियंत्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीसाठी ते १८८२ साली हिंदुस्थानात आले. बार्शी ही त्या काळी कापसाची नामांकित पेठ होती. परंतु रेल्वेचा मुख्य मार्ग तेथून वीस-एकवीस मैल दूर. माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. कॅलथ्रॉप यांचे गणित साधे होते. रूळ अरुंद असले की वळणे आखूड घेता येतात, डोंगर कमी खोदावा लागतो आणि पूल लहान बांधले तरी भागते. शिवाय इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर येणारे वजन पाच टनांच्या मर्यादेत ठेवले, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली आणि हे गणित खरे ठरले. पुढे १९०६ साली पंढरपूर, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज या मार्गाला जोडले गेले.

इकडे इंग्लंडमध्ये १८९६ साली हलक्या रेल्वेसंबंधीचा कायदा झाला. त्याचा आधार घेऊन स्टॅफर्डशायर परगण्यातील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी मार्ग बांधला. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड हे अंतर सुमारे १३ किलोमीटर. जून १९०४ मध्ये हा मार्ग सुरू झाला. बार्शीची पहिली इंजिने लीड्स येथील किटसन कंपनीची होती. येथील दोन्ही इंजिनेही त्याच कंपनीची. त्यांवरील भले मोठे कंदील आणि एकंदर घडण पाहता ही गाडी इंग्लंडपेक्षा हिंदुस्थानात शोभावी अशीच होती. मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी उचलून छोट्या रुळांवरून नेणारे खास सांगाडेही कॅलथ्रॉप यांनी येथे वापरात आणले. त्यामुळे मालाची चढउतार वाचली.

मग ही रेल्वे बंद का पडली? याचे उत्तर नकाशात आहे. रूळ नदीकाठाने, तर बहुतेक गावे वर डोंगरावर. ह्यूम एंड हे तर मोजक्या घरांचे खेडे. जवळच्या एक्टन येथील तांब्याच्या खाणी रेल्वे येण्यापूर्वीच थांबल्या होत्या. उरली ती दुधाची वाहतूक आणि उन्हाळ्यातील सहलीची गर्दी. बस आणि मालमोटारी थेट दारापर्यंत येऊ लागल्या, तेव्हा डोंगर उतरून स्टेशनावर कोण येणार? १९२३ साली ही रेल्वे एका मोठ्या कंपनीच्या पदरात गेली. १९३२ साली एक्टनचे दुग्धालय बंद झाले आणि मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी धावली. गाडीचे आयुष्य अवघे तीस वर्षांचे ठरले.

परंतु खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट यापुढची आहे. रूळ उखडले, पण जमीन तुकडे करून विकली गेली नाही. कंपनीने ती परगण्याच्या लोकनियुक्त मंडळाकडे सोपविली आणि १९३७ साली तेथे पायी चालणाऱ्यांसाठी वाट खुली झाली. ती आजही सर्वांसाठी खुली आहे. ह्यूम एंडचे लहानसे तिकीटघर टिकून असून तेथे प्रवाशांना परिसराची माहिती मिळते. रेल्वे चालली तीस वर्षे. वाट मात्र ऐंशीहून अधिक वर्षे चालू आहे.

आपल्या बार्शी लाईटचे भाग्य वेगळे. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती मोठ्या रुळांची झाली. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची गाडी आली, ती पंढरपूर-कुर्डुवाडीच्या याच मार्गाने. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. कापसासाठी घातलेल्या रुळांची वाट शंभर वर्षांनी तहानलेल्यांच्या कामी आली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

मात्र नवा मार्ग धाराशिव शहरावरून नेल्यामुळे जुन्या मार्गाचे काही भाग सुटले. अशा जागा बघता बघता झुडपांत हरवतात, नाहीतर कोणाच्या तरी कुंपणात जातात. जी जमीन एकदा सर्वांच्या उपयोगासाठी घेतली गेली, ती उपयोग बदलला तरी सर्वांचीच राहावी, हा ह्यूम एंडचा धडा आहे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या गावाजवळील जुन्या स्टेशनाची माहिती आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवून ठेवावी, आणि आम्ही मोठ्यांनी त्या जागेचा उपयोग वाचनालयासाठी, झाडांसाठी किंवा निदान पायवाटेसाठी व्हावा म्हणून ग्रामसभेत शब्द टाकावा. इतके झाले तरी पुष्कळ झाले.