बॅगेतली कांडी भुणभुणतेय? ई-सिगारेटच्या आवाजाचा अर्थ काय आणि आधी काय करायचं

कसारा : पोराच्या कॉलेजच्या बॅगेतून भुणभुण येतेय, पण मोबाईल तर त्याच्या हातातच आहे. चेन उघडून बघावं तर पेन ड्राइव्हसारखी किंवा जाड स्केच पेनासारखी रंगीत कांडी. हाताला कोमट लागते, आंबा नाहीतर पुदिन्याच्या गोळीसारखा वास येतो. घरच्यांना वाटतं ब्लूटूथचं काहीतरी असेल. बहुतेक वेळा ती ई-सिगारेट असते. पोरं तिला ‘व्हेप’ म्हणतात.

कसारा, खर्डी, आटगाव, आसनगावहून रोज लोकलने आणि मुरबाडहून एसटीने कल्याण-ठाण्याकडे शिकायला, कामाला जाणारी कितीतरी पोरं आहेत. बंदी असूनही ही वस्तू शहरात चोरून विकली जाते, आणि तिथून ती गावापर्यंत यायला दोन तास पुरतात. म्हणून हा आवाज नक्की कशाचा, हे घरातल्या मोठ्यांनाही माहीत असलेलं बरं.

आत असतं काय?

एक लिथियमची बॅटरी, बारीक तारेची कॉइल, कापसासारखी वात, चवीचं निकोटिन घातलेला द्रव आणि हवेचा दाब ओळखणारा छोटा सेन्सर, बस. तोंडाने ओढलं की आतला दाब कमी होतो, सेन्सरला ते कळतं आणि तो बॅटरीचा करंट कॉइलला सोडतो. तार दोनशे अंशांच्या आसपास तापते आणि वातीतल्या द्रवाची वाफ होते. धूर दिसतो तो हाच. त्यात जाळ नाही, राख नाही, म्हणून ‘यात काही नसतं, नुसती वाफ असते’ असं पोरं सांगतात. निकोटिन मात्र असतं, आणि सवय त्याचीच लागते.

‘मशीनच आहे, आवाज करणारच’ असंही सांगितलं जातं. होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास ही वस्तू बनवली तेव्हा अल्ट्रासाउंडने द्रव फोडायची कल्पना होती हे खरं. पण अल्ट्रासाउंड माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, आणि आजच्या कांड्या तारेच्या उष्णतेवर चालतात. तेव्हा भुणभुणीचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

कुठला आवाज कशाचा?

ओढताना येणारी हलकी चरचर म्हणजे द्रव उकळतोय. फोडणीत पाण्याचा थेंब पडल्यासारखा तड-तड आवाज आला तर कॉइलवर द्रव जास्त साचलाय. अशा वेळी गरम थेंब उडून जीभ भाजते. शिट्टीसारखा आवाज आला तर हवेची वाट अर्धी तुंबलेली असते, बासरीचं भोक अर्धं झाकावं तसं. काही कांड्यांत मोबाईलसारखी थरथरणारी मोटर असते. बॅटरी संपत आली किंवा वरचा भाग नीट बसला नाही की ती एक-दोनदा गुर्र करते. काहींत चिप करंट सलग न देता तुकड्या-तुकड्यांनी देते, त्यामुळे तार बारीक कंप पावते आणि ओढताना बारीक गुंईं ऐकू येतं. एवढ्याने स्फोट होत नाही.

खरी काळजी कोणी ओढत नसताना येणाऱ्या आवाजाची. गळलेला द्रव किंवा तोंडाची वाफ सेन्सरपर्यंत गेली की तो अडकतो. त्याला वाटतं कुणीतरी ओढतंय. मग खिशात, बॅगेत पडल्या पडल्या कॉइल तापत राहते. वात कोरडी पडून जळते, करपट वास येतो आणि शेजारीच असलेली बॅटरीही तापते. भुणभुण आणि सोबत गरमपणा असेल तर तिथे दुरुस्तीचा विचारच करू नका.

दुसरा धोक्याचा आवाज चार्जिंगचा. स्वस्त चार्जरमधली कॉइल करंटबरोबर थरथरते, तो बारीक आवाज बऱ्याच जणांनी मोबाईलच्या चार्जरलाही ऐकला असेल. पण चर्र-चर्र असा तुटक आवाज आला तर पिन सैल आहे आणि आत ठिणगी पडतेय. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, लाईट गेली की आली की झटका बसतो, आणि अशा कांड्यांच्या आत बॅटरी सांभाळणारं सर्किट असेलच याची खात्री नाही. त्यावर मोबाईलचा जोराचा फास्ट चार्जर लावणं म्हणजे हाताने संकट बोलावणं.

आणि तिसरा, फुस्स असा आवाज, कांडी फुगलेली, रसायनासारखा उग्र वास. इथे विचार करायला वेळ नसतो. बॅटरीच्या आतले दोन थर एकमेकांना भिडले की तीच स्वतःला तापवत जाते, मग ज्वाळा निघते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या तिथल्या १९५ घटना तपासल्या. त्यातल्या ६१ खिशात ठेवलेल्या असताना, ६० ओढताना आणि ४८ चार्जिंगच्या वेळी घडल्या होत्या. मांडी भाजणं, दात तुटणं इथपर्यंत इजा झाल्या. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये एकेक माणूस यातच दगावला.

मग करायचं काय?

चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, कांडीला हात नंतर. गरम असेल तर चिमट्याने किंवा जाड फडक्याने उचलून अंगणात, वाळूच्या घमेल्यात किंवा फरशीवर ठेवा. पेंढा, गोवऱ्या, गॅस, मोटरसायकल यांच्यापासून लांब. ज्वाळा निघत असेल तर हात लावू नका, माणसं लांब करा, धूर छातीत घेऊ नका. एवढ्याशा बॅटरीला भरपूर पाणी लांबून ओतलं तरी चालतं, ते तिला थंड करतं. भाजलं तर किमान वीस मिनिटं गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. जखम मोठी असेल किंवा तोंड-डोळ्यांना इजा झाली असेल तर १०८ ला फोन करून थेट शहापूर किंवा मुरबाडचं सरकारी रुग्णालय गाठा.

सुई घालून भोक साफ करणं, उन्हात वाळवणं, दुसरी बॅटरी बसवणं हे व्हिडिओ बघून करू नका. सुईने बॅटरीचं वेष्टण फाटलं की तीच ठिणगी. चुलीत टाकू नका, कचऱ्याबरोबर पेटवू नका. हेच नियम चार्जिंगच्या टॉर्चला, पॉवर बँकेला आणि डास मारायच्या बॅटलाही लागू आहेत, कारण त्यांच्या पोटातही बऱ्याचदा लिथियमचीच बॅटरी असते. रात्री रानात जाणाऱ्यांनी फुगलेली टॉर्च कमरेला खोचू नये.

आतला द्रव सांडला तर तो पुसून हात साबणाने धुवा. निकोटिन हे विष आहे आणि गोड वासामुळे लहान मूल ते चाटू शकतं. पोटात गेलं असेल, उलट्या होत असतील तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना.

मोबाईलवाल्याकडे न्यावी का?

नको. १८ सप्टेंबर २०१९ पासून देशभर ई-सिगारेटवर बंदी आहे. आधी अध्यादेश आला, मग डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. बनवणं, आणणं, विकणं, पोचवणं, जाहिरात करणं यासाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून कुठल्याही दुकानात तिची पावती, गॅरंटी किंवा कंपनीचा सुटा भाग मिळत नाही. ‘इंपोर्टेड आहे, ओरिजिनल आहे’ म्हणणाऱ्याचाही माल चोरूनच आलेला असतो, आणि आत कुठली बॅटरी आहे हे त्यालाही माहीत नसतं.

कुठे विक्री होताना दिसली तर ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात सांगता येतं. घरात कांडी सापडली तर पोराला मारून ती फक्त लपवायला शिकवाल. त्यापेक्षा कुणाकडून घेतली आणि दिवसाला किती लागते ते विचारा. सकाळी उठल्याबरोबर लागत असेल, नाही मिळाली की चिडचिड होत असेल तर सवय पक्की झाली आहे. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारचा १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे. निकोटिनची सवय सिगारेटची असो, मिश्रीची असो की या कांडीची, तिथे बोलता येतं. तंबाखूची पुडी बाळगणारे घरातले मोठेही त्याच नंबरवर फोन करू शकतात.