माडाचे पान काळे कशाने पडले?

केशवसुतांच्या मालगुंडात उन्हाळ्याच्या तोंडी एखाद्या आगरात शिरून माडांकडे वर पाहावे आणि झावळ्या काजळी फासल्यासारख्या दिसाव्यात, तर पहिला संशय उत्तरेकडे जातो. जयगडला समुद्रकाठी १२०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. हापूसच्या काळजीपोटी त्याविरुद्ध बागायतदार न्यायालयापर्यंत गेले होते. तेव्हा संशय वेडगळ म्हणता येणार नाही. पण माडाच्या बाबतीत तो बरेचदा चुकतो.

हिराला धरून एक पाते उलटे करा. खालच्या बाजूला मेणचट पांढऱ्या धाग्यांची चक्रे दिसली, तर ती रुगोज चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेची ही कीड भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीला नोंदली गेली आणि पुढे किनारपट्टीने पसरत कोकणात आली. तिला दूर उडता येत नाही; रोपांबरोबर, झावळ्यांबरोबर, गाड्यांमधून ती प्रवास करते. पिल्ले पानातला रस शोषतात आणि चिकट गोड स्राव टाकतात. तो खालच्या झावळ्यांवर, आंतरपिकातल्या सुपारी-केळी-जायफळाच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. म्हणजे काळेपणा वरून पडलेला असतो खरा, पण धुराड्यातून नव्हे!

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बुरशीचा थर वाळला की पापुद्र्यासारखा सुटतो, हाताला चिकटपणा लागतो, मुंग्यांची ये-जा असते. कोळशाची राख करडी, भुरभुरीत असते आणि ती फक्त माडावर नाही, तर शेजारच्या कौलांवर, अंगणातल्या तुळशीवरही बसते.

हा फरक महत्त्वाचा, कारण त्यावर दार ठरते. धुराची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, किडीची कृषी विभागाकडे. कुठल्या जमिनीवर कारखाना चालेल हे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखालच्या योजनेत ठरते, आणि त्यात शेवटचा शब्द ग्रामपंचायतीचा नसतो, राज्य सरकारचा असतो. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाल व नारिंगी वर्गातल्या नव्या उद्योगांना आणि वीजप्रकल्पांना परवानगी देऊ नये, असे सुचवले होते, तेही या पट्ट्याची सहनशक्ती मोजली जाईपर्यंत. ती मोजणी ही खरी मागणी आहे. चुकीच्या पुराव्यावर केलेला अर्ज मात्र तीच मागणी कमकुवत करतो. पाते उलटून पाहणारा एक अधिकारी आला की प्रकरण तिथेच मिटते, आणि पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही कोणी गांभीर्याने पाहत नाही.

किडीवर उपाय करताना पहिला मोह विषारी फवाऱ्याचा होतो, तो टाळावा. ‘एन्कार्सिया ग्वाडेलूपे’ ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या कुळातली कीटिका या माशीच्या पिल्लांत अंडी घालून त्यांना संपवते. औषधाने आधी तीच मरते. शिवाय कोकणात माड घराला, गोठ्याला, विहिरीला खेटून असतात. चाळीस-पन्नास फुटांवरून उडालेले औषध कुठे पडणार? त्याऐवजी पाण्याचा जोरदार फवारा, पिवळे चिकट सापळे, पानांच्या खालच्या बाजूला कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. काळा थर काढायला एक टक्का खळ, म्हणजे लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम स्टार्च. ती वाळताना बुरशी घेऊनच सुटते. पावसाळ्यात माशी आपोआप ओसरते आणि माड सहसा मरत नाही, इतका दिलासा आहे. शहाळे पिण्यास हरकत नाही.

नवी रोपे आणताना मात्र प्रत्येक पाते उलटून पाहावे. शंका आली तर कीडग्रस्त पात्यांचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात न्यावा. झावळी उघडी गाडीत टाकून नेऊ नये. वाटेतल्या माडांनाही माशी लागेल.