नळ काय शाळा सुटल्यावर घरी जातो का?

मैत्रिणींनो, मुलांच्या प्रकल्पासाठी रात्री साडेअकराला डिंकाची बाटली शोधत घरभर फिरलेली आई तुमच्यातही असेलच. मी तर होतेच होते. लेक सातवीत होती, विषय 'पाण्याची बचत'. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तयार कागद आणला, थर्माकोल कापला (बंदी २०१८ मध्ये आली, हे त्याआधीचं), वळणदार अक्षरात माहितीही मीच लिहिली. लेक गाढ झोपलेली. तिला 'अ' श्रेणी मिळाली! चार दिवसांनी सहज विचारलं, "पुनर्भरण म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "मला काय माहीत? तूच तर लिहिलंस!"

हसले खरी, पण ते मनाला लागलं.

बचतगटाच्या कामामुळे इथल्या एका शाळेत माझं जाणं-येणं असतं. गेल्या वर्षी तिथल्या सातवीच्या बाई म्हणाल्या, "ताई, यंदा प्रकल्पासाठी घरून काही आणायचं नाही. सगळं वर्गातच." विषयही दिला नाही त्यांनी, फक्त एक प्रश्न दिला : आपल्या शाळेत रोज किती पाणी वाया जातं?

"खूप!" पोरं ओरडली. "खूप म्हणजे किती?" यावर वर्ग गप्प. बाईही गप्पच राहिल्या, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड काम तेच. मी असते तर उत्तर सांगून मोकळी झाले असते. शेवटी कुणीतरी बादली सुचवली, कुणी खिचडीच्या खोलीतलं लिटरचं माप आणलं. तीन नळ गळत होते. प्रत्येकाखाली तासभर भांडं ठेवलं. मिळून चार लिटर. शाळा सहा तासांची, म्हणून मुलांनी चोवीस लिटर लिहिलं.

तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, नळ काय शाळा सुटल्यावर घरी जातो का?"

चोवीस तासांचे शहाण्णव लिटर झाले. तिनंच हिशेब पुढे नेला, "आमचा हंडा बारा लिटरचा. म्हणजे आठ हंडे. आई रोज तेवढेच आणते." वर्ग एकदम शांत झाला.

बाईंनी गुण दिले ते रोजच्या वहीला. चुकलेलं चोवीसही खोडू दिलं नाही, पुढे का चुकलं ते लिहायला लावलं. मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला, प्लंबरकाकांना वर्गात बोलावून वायसर का झिजतो ते विचारलं. तीन आठवडे गेले यात. अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती बाईंनाही होती, पण लिटर-मिलिलिटरची उजळणी आणि अर्जलेखन त्यातच उरकलं.

अशा शिकण्याचं आपल्याकडे नवल नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं हातानं काम करत शिकतात. पण आपल्याला तक्ता हवा असतो ना! पालकसभेत एक आई कुरकुरलीच, "प्रदर्शनात ठेवायला काहीच नाही?" तिच्यात मला मीच दिसले.

दोन नळ दुरुस्त झाले. तिसरा जुना, अजून ठिबकतो. मुलांनी त्याखाली बादली ठेवलीय, पाणी कढीपत्त्याला जातं. आणि किती भरली, ते वहीत रोज लिहिलं जातं, वेड्यावाकड्या अक्षरात.