नव्या इंजिनाची उमेदवारी

दसऱ्याच्या अथवा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी मोटार दारी येते, बॉनेटवर स्वस्तिक रेखाटले जाते, पुढच्या चाकाखाली लिंबू चिरडले जाते, आणि झेंडूची माळ कोमेजण्यापूर्वीच गाडी कुलदैवताच्या दर्शनास नेण्याचा बेत ठरतो. म्हणजे आपल्याकडे नव्या गाडीचा पहिला लांबचा प्रवास हा बहुधा देवाच्याच नावावर जमा असतो. परंतु देवळाच्या पायऱ्या दृष्टीस पडण्याच्या पुष्कळ आधी, त्या बॉनेटखाली निराळाच एक संस्कार चालू झालेला असतो. गॅरेजातील मिस्त्री मंडळी त्याला 'रनिंग' म्हणतात, आणि तो यथास्थित पार पडला म्हणजे 'इंजिन मोकळे झाले' असा निर्वाळा देतात. जुन्या कचेऱ्यांत नवा कारकून कायम होण्यापूर्वी काही मुदत बिनपगारी उमेदवारी करीत असे. इंजिनाचीही तशीच, साधारणतः पहिल्या १००० किलोमीटरांची, उमेदवारी असते.

कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिन सर्वस्वी पूर्ण झालेले असते, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. सिलिंडरची आतील भिंत, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतील 'बोअर', डोळ्यांना चकचकीत दिसली तरी तिच्यावर घासदगडांनी एकमेकींस छेदणाऱ्या तिरप्या रेषांचे सूक्ष्म जाळे बुद्ध्याच कोरलेले असते. या रेषांच्या चरांत तेल साठून राहते, आणि दोन चरांमधील उंचवटे पिस्टनच्या रिंगांशी घासून हळूहळू सपाट होतात. केंब्रिजच्या बोडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या घर्षणविषयक ग्रंथात दाखवून दिले होते, की दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर टेकले तरी त्यांचा खरा स्पर्श केवळ उंचवट्यांच्या माथ्यांवर, एकूण क्षेत्रफळाच्या अत्यल्प अंशातच होतो. सारा भार त्या थोड्या टोकांवर पडतो. नव्या बोअरची अवस्था नेमकी हीच असते, आणि जी अखेरची घासणी कोणत्याही कारागिराच्या हातून साधावयाची नाही, ती इंजिन स्वतःच स्वतःवर करून घेते.

पिस्टनभोवती सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूंना खाली निसटू देत नाहीत, आणि तिसरी भिंतीवरील जादा तेल निपटून घेते. रिंग भिंतीला घट्ट बसते ती केवळ स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणामुळे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा ताण बेताचाच असतो. ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागील खाचेत शिरून तिला आतून बाहेर रेटतो, आणि तोच तिला भिंतीशी खऱ्या अर्थाने भिडवतो. म्हणजे इंजिनावर भार जितका पडावा तितकी रिंग भिंतीवर अधिक दाबली जाणार, आणि भारच पडला नाही तर ती नुसतीच सरकत राहणार. नव्या गाडीसंबंधीच्या सर्व वादांची किल्ली या एका गोष्टीत आहे.

येथे कोणी विचारील, की मध्ये तेल असताना धातूला धातू लागतोच कसा? या प्रश्नाचा इतिहास रंजक आहे. १८८३ साली इंग्लंडात बोशां टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता, त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल आपोआप वर येऊ लागले; भोकात बूच ठोकले तर ते बूचही बाहेर फेकले गेले. फिरता आस आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि त्याच तेलाच्या दाबावर स्वतः तरंगतो, अशी या चमत्काराची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडली. तात्पर्य, गती असेल तरच तेलाचा पडदा टिकतो. आस अखंड फिरतो, पिस्टनला मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलट फिरावे लागते. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल आणि पिस्टनची धाव ८० मिलिमीटर असेल, तर तो सरासरी ताशी २४ किलोमीटर वेगाने खालीवर पळतो आणि मिनिटाला ५००० वेळा क्षणमात्र थबकतो. या थबकण्याच्या जागी पडदा विरळ होतो, धातू धातूला शिवतो, आणि त्यातही वरच्या टोकाशी ज्वलनाचा दाब सर्वाधिक असल्याने बोअरची झीज तेथेच अधिक होते. तेलात जस्त आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेली असतात ती याचसाठी. उष्णता आणि घर्षण यांच्या योगाने ती धातूवर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतक्या जाडीचे कवच चढवतात.

पूर्वी यंत्रकाम आजच्याइतके सूक्ष्म नव्हते, तेव्हा नवी गाडी गोगलगाईसारखी चालवण्याचा दंडक होता. विलायतेत तर मागील काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावून मागच्यांची आगाऊ क्षमा मागण्याचा शिरस्ता होता. याच्या उलट, पहिल्या दिवसापासून इंजिन पिळून काढावे असे छातीठोक सांगणारा दुसरा पक्ष आहे. पहिल्या पक्षाच्या अतिरेकाने रिंगांना भार मिळत नाही, तेल चरांतच भाजून बसते, बोअरला काचेसारखी झिलई चढते आणि पुढे गाडी जन्मभर तेल खाते. दुसऱ्याच्या अतिरेकाने उंचवटे सपाट होण्याऐवजी ओरबाडले जातात. आता कारखान्यातच भिंतीवरील उंचवट्यांचे माथे बऱ्याच अंशी छाटून दिलेले असल्याने दोन्ही धोके पुष्कळ कमी झाले आहेत. तथापि बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत एक कलम कायम आहे: फार वेळ एकाच वेगाने चालवू नका.

या कलमाचे मर्म रस्ता समजावून देतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, आणि नवी गाडी घेऊन साईदर्शनास निघालेल्या नागपूरकराची मोठी सोय झाली. परंतु ताशी १०० किलोमीटरांचा काटा धरून तो पाच तास चालला, आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर स्थिर राहिले, तर प्रत्येक पिस्टन १५ लाख वेळा तीच धाव, त्याच हलक्या भाराने आणि जवळजवळ त्याच तापमानात करतो. उमेदवाराला पाच महिने एकाच फायलीची नक्कल करावयास बसवावे, तसाच हा प्रकार होय.

आता पुण्याहून प्रतापगडच्या भवानीस निघालेली गाडी पाहा. खंबाटकीचा चढ चढून ती सुरूर फाट्यावर वळते, वाईच्या बाजारात रखडते, आणि पसरणी घाटात सुमारे १२ किलोमीटरांत ६०० मीटर उंची चढून पाचगणीस पोहोचते. चढावर दाब वाढून रिंगा भिंतीला भिडतात, पठारावर विसावा मिळतो, आणि महाबळेश्वरापुढे आंबेनळीच्या उतारावर खालच्या गिअरात ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात निर्वात ओढ निर्माण होऊन थोडे तेल रिंगांच्या कडेने वर येते. त्यामुळे रिंगा थंडावतात आणि घासणीतून सुटलेला धातूचा बारीक चुरा धुऊन जातो. भार आणि विसावा यांची ही आलटापालट हेच उमेदवाराचे खरे शिक्षण.

मात्र घाट म्हणजे कुस्तीचा आखाडा नव्हे. वरच्या गिअरात रेटून इंजिन कुंथवत नेणे आणि खालच्या गिअरात ते किंचाळेपर्यंत पिळणे, हे दोन्ही सारखेच वर्ज्य. सकाळी थंड इंजिनाला एकदम पळवू नये. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या भिंतीच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो, आणि सारे भाग तापून एकमेकांच्या मापात येण्यास काही मिनिटे लागतात. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड तर कायमचीच सोडावी. तीत इंजिनाचे हित नाही आणि आपल्या जिवाचेही नाही. नव्या ब्रेकांना आणि टायरांनाही पहिले काहीशे किलोमीटर सरावाचे लागतात, म्हणून पुढील वाहनापासून अंतर थोडे अधिक ठेवावे.

हमरस्ताच पत्करावा लागला, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी वेग थोडा कमी-अधिक करावा, मध्ये चहाला थांबून इंजिन निवू द्यावे, आणि पहिल्या ५०० किलोमीटरांनंतर एकदा, गाडी सपाटीवर उभी करून, तेलाची पट्टी पुसून पातळी पाहावी. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली कंपनीची ती पुस्तिका मात्र निघण्यापूर्वीच एकदा वाचावी. आपल्या गाडीपुरता शेवटचा हुकूम तिचाच.