टाचेमागील कंडरेची दुखापत : ओळख, उपचार व दक्षता

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा ही शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा होय. तथापि टाचेपासून २ ते ६ सेंटिमीटर वरच्या भागास रक्तपुरवठा कमी असल्याने बहुधा तेथेच ती तुटते.

एरवी बैठे काम करणारी व्यक्ती क्रीडास्पर्धेत एकाएकी धावू लागली की हा धोका संभवतो. मागून कोणी काठी मारल्याचा भास होतो. पाय मुरगळला असे समजून तो तेलाने चोळला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात. अशा वेळी रुग्णास पालथे निजवून पोटरी हलकेच दाबावी. पाऊल खाली न झुकल्यास त्याच दिवशी त्याला रुग्णालयात न्यावे. तो चालू शकतो, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. प्लास्टर की शस्त्रक्रिया, हे डॉक्टर ठरवितात.

जुनाट दुखण्यावर पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम, वैद्यकीय सल्ल्याने १२ आठवडे केल्यास पुष्कळांना आराम पडतो. स्पर्धेपूर्वी काही आठवडे क्रमाक्रमाने वाढविलेला सराव, हाच प्रतिबंधाचा खरा मार्ग. शाळा व ग्रामपंचायतींनी त्याची व्यवस्था अवश्य करावी.